आठ हेडसेट घेतले, पाच बंद पडले: शाळेच्या नाटकाला माइक कोणते घ्यावेत?

वाचकाचं पत्र

सोलापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी नाटक बसवते. या वर्षी १९३० च्या सोलापूरच्या मार्शल लॉवर पाऊण तासाचं नाटक आहे. पाचवी ते नववीची २२ मुलं आहेत. डिसेंबरात स्नेहसंमेलनाला शाळेच्या मैदानावर एक प्रयोग होईल आणि १२ जानेवारीला, चार हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, हुतात्मा स्मृती मंदिरात दुसरा. गेल्या वर्षी ऑनलाइन आठ हेडसेट माइक मागवले होते, एकेक सहाशे रुपयांना. वर्षाच्या आत पाच गेले. तिघांत खरखर, एकाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा आणि एक ऐन प्रयोगात मुका झाला. पालक संघाने यंदा ४०,००० रुपये दिले आहेत. चार-पाच वर्षं टिकतील असे हेडसेट कोणते? २२ मुलांना किती लागतील?

उत्तर

नमस्कार बाई,

आधी अपेक्षा थोडी बदलू. वायरलेस माइकच्या संचात चार-पाच वर्षं टिकते ती कमरेची डबी, म्हणजे बॉडीपॅक, आणि तिचा रिसीव्हर. गालावरचा हेडसेट ही झिजणारी वस्तू आहे. मुलांच्या हाती तो दोन-तीन हंगाम नीट चालला तर पैसे वसूल झाले म्हणायचे. म्हणून सगळे पैसे ‘भारी’ हेडसेटवर घालू नका आणि सगळ्यात स्वस्त डझनभरही आणू नका. ४०,००० मधले साधारण २४,००० चार चॅनेलच्या (म्हणजे एका वेळी चार वायरलेस माइक चालवणाऱ्या) बऱ्या यूएचएफ सेटला, १०,००० ते ११,००० एकाच पिनच्या सहा हेडसेटना (चार वापरायला, दोन राखीव) आणि उरलेले चार्जिंगचे सेल, चार्जर, टेप, कमरेचे पट्टे यांना. आणखी दोन चॅनेल लागलेच तर त्या त्या प्रयोगापुरते भाड्याने घ्या. डिसेंबर-जानेवारीत शहरातल्या सगळ्याच शाळांची गॅदरिंग असतात, तेव्हा साऊंडवाल्याला दिवाळीनंतर लगेच सांगून ठेवा.

आता तुमचे पाच हेडसेट. तुम्ही लिहिलेल्या तीन लक्षणांवरून तीन वेगळे आजार दिसतात आणि नव्या खरेदीत काय बघायचं हेही त्यातच आहे.

खरखर बहुतेक वेळा वायरची असते. हेडसेटची वायर एक-दीड मिलिमीटर जाडीची, आत केसासारख्या तारा आणि त्यांच्याभोवती जाळी. ती मधोमध क्वचित तुटते. तुटते ती पिनेजवळच्या पहिल्या दोन सेंटिमीटरांत, नाहीतर कानाजवळ जिथे वायर फ्रेममधून बाहेर पडते तिथे. पोरगं डबी खिशात कोंबतं, पिन काटकोनात वाकते, वर बसलं की सगळा भार त्याच जागी. शिवाय माइक काढताना सगळे वायरला धरूनच ओढतात. तारा एकेक करून तुटत जातात, उरलेल्या एकमेकींना लागत-सुटत राहतात, तीच खरखर.

मात्र खरखर रेडिओचीही असू शकते आणि हेडसेट फेकण्याआधी हा फरक ओळखायला हवा. रिसीव्हरवर ‘आरएफ’ (म्हणजे रेडिओ सिग्नल) लिहिलेला दिवा किंवा दांड्या असतात. त्या पूर्ण भरलेल्या असताना, मूल मान वळवताना किंवा खाली वाकताना खरखरलं तर दोष वायरचा. दांड्या खाली पडताना ‘फस्स’ होऊन आवाज जात असेल तर हेडसेट निर्दोष आहे. तिथे अँटेना, सेल किंवा फ्रिक्वेन्सी बघायची. नुसता हेडसेट दुसऱ्या डबीला लावून पाहिला तरी अर्धा निकाल लागतो.

पाण्याखालचा आवाज म्हणजे माइकच्या तोंडात घाम, मेकअपचा पॅनकेक किंवा पावडर. बारीक जाळी बुजली की उंच सूर अडतात आणि नुसता ‘बम्म बम्म’ आवाज उरतो. घामाचा असेल तर हवेशीर जागी दिवसभर ठेवल्यावर माइक पुष्कळदा पूर्ववत होतो. मेकअपचा असेल तर जाळी साफ केल्याशिवाय नाही.

एकदम मुका झाला तर पिनेचा टाका सुटला असेल किंवा घाम पिनेपर्यंत उतरून आत गंज धरला असेल. पिन उघडली की हिरवट थर दिसतो.

आता खरेदी. दुकानात माइकचा ब्रँड विचारण्याआधी पिनेचं विचारा. शाळांचे पैसे सगळ्यात जास्त इथे बुडतात. बाजारात तीन प्रकारच्या पिना सर्रास दिसतात: फिरवून घट्ट करायची आटेवाली साडेतीन मिलिमीटरची, छोटी गोल तीन पिनांची आणि तशीच चार पिनांची. श्युअरच्या डब्यांना चार पिनांची लागते, एकेजीला तीन पिनांची, सेनहायझरच्या बऱ्याच डब्यांना आटेवाली साडेतीन मिलिमीटरची. स्वस्त चिनी डब्यांत यापैकी काहीही निघतं. पिन बसली म्हणजे माइक चालेलच असंही नाही, कारण आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी असते. श्युअरच्या चार पिनांत पहिली अर्थ, दुसरीवर पाच व्होल्ट, तिसरीवर आवाज. दुसऱ्या कंपनीत हीच पिन हुबेहूब दिसेल आणि आत आवाज व व्होल्टेजच्या जागा वेगळ्या असतील. हेडसेटच्या टोकाला असतो तो कंडेन्सर माइक, त्याला डबीतून व्होल्टेज मिळालं तरच तो बोलतो. जोडणी चुकली की तो गप्प राहतो किंवा नुसता घरघरतो, आणि दुकानदार म्हणतो ‘पीस खराब आला’. मोबाइलचा हेडफोन-माइक या डब्यांना चालत नाही त्याचंही कारण हेच, त्याची पिन चार पट्ट्यांची आणि जोडणी निराळी.

तेव्हा चारही डब्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या घ्या आणि सहाही हेडसेट त्याच पिनेचे. प्रयोगात माइक गेला तर राखीव हेडसेट कोणत्याही डबीला दहा सेकंदांत लागला पाहिजे. तुमच्याकडे जुन्या आठ हेडसेटच्या डब्या शिल्लक असतीलच. त्यांची पिन आणि आतली जोडणी नव्या सेटशी जुळते का हे आधी बघा. जुळली तर तुमचे तीन चालू हेडसेट आपोआप राखीव होतात. साऊंडवाल्याच्या भाड्याच्या डब्यांची पिनही फोनवर विचारून घ्या.

डबीची कड नीट पाहा. पिनेचं सॉकेट हलवून बघा, ते डबीच्या अंगाला पक्कं बसलेलं हवं, सर्किटवर लटकलेलं नको. सेलचं झाकण बिजागरीवर हवं, सुटं निघणारं नको, कारण ते पहिल्याच तालमीत हरवतं. म्यूटचं बटण सहज दाबलं जाणारं नको. कमरेचा क्लिप धातूचा असला तर उत्तम. अहुजा आणि स्टुडिओमास्टर यांचे संच आपल्याकडे साऊंडवाल्यांना आणि दुरुस्तीवाल्यांना ओळखीचे आहेत, जेटीएससारख्या तैवानी कंपनीचे हेडसेट मध्यम किमतीत येतात. श्युअर, सेनहायझरचे सेट चांगले, पण तुमच्या पैशांत चार चॅनेल बसणार नाहीत. कंट्रीमन, डीपीए ही नावं कोणी सुचवली तर ती व्यावसायिक रंगभूमीसाठी उत्तम आहेत, पण त्यातल्या एका हेडसेटमध्ये तुमचं बहुतेक बजेट संपेल. रील बनवण्यासाठी मिळणारे छोटे कॉलर माइक मात्र नाटकाला घेऊ नका. ते वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि समोर चारशे पालक मोबाइल घेऊन बसले की ते कधी गुदमरतील सांगता येत नाही.

मग हेडसेट. सहाशेचा आणि दीड-दोन हजारांचा यांत फरक आवाजाचा कमी, बांधणीचा जास्त असतो. वायर दोन मिलिमीटरच्या आसपास जाडीची बघा. रंगमंचावर बारीक वायर दिसत नाही हे खरं, पण शाळेच्या प्रयोगात कोणी तेवढ्या जवळ बसत नाही. पिनेच्या मागे रबराची लवचीक शेपटी हवी, कडक प्लास्टिक नको. वायर फ्रेमपासून सुटी होणारी असेल तर फारच चांगलं: वायर तुटली की फक्त वायर बदलायची, माइक तोच. असं मॉडेल निवडलंत तर दुकानदाराकडून दोन वायरी त्याच बिलात मागा, नंतर मिळतीलच असं नाही.

फ्रेम दोन्ही कानांवर बसणारी आणि मानेमागून लहान-मोठी करता येणारी घ्या. एका कानाचा हुक पाचवीच्या मुलाच्या कानावर टिकत नाही. मोठ्यांच्या मापाची फ्रेम लहान डोक्यावर सैल होते, दांडी खाली लोंबते आणि माइक हनुवटीजवळ जातो. तुमचं सगळ्यात लहान पात्र सोबत नेऊन फ्रेम घालून बघा. रंगाचं म्हणाल तर फिकट बेज रंग आपल्या गालांवर चिकटपट्टी लावल्यासारखा दिसतो, तपकिरी मिळाला तर तो.

दिशेचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण दुकानात बहुतेक वेळा उलटा सल्ला मिळतो. माइक दोन प्रकारचे: सगळीकडून ऐकणारा ओम्नी आणि समोरचं जास्त ऐकणारा कार्डिऑइड. ‘कार्डिऑइड घ्या, शिट्टी बसत नाही’ हे नेहमीचं (शिट्टी म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारी किंचाळी). मोठ्या आवाजाच्या बँडच्या गायकासाठी ते बरोबर आहे. पण कार्डिऑइडचं तोंड ओठांच्या कोपऱ्याकडे नेमकं वळलेलं असावं लागतं. ते जरा फिरलं की आवाज अर्धा. शिवाय तो मागच्या बारीक छिद्रांमुळे दिशा ओळखतो. मुलाने दांडी चिमटीत धरली किंवा छिद्रांवर टेप आली की तो ओम्नीसारखा वागू लागतो आणि तेव्हाच शिट्टी बसते. त्याला ‘प’, ‘फ’, ‘भ’ चे फटकेही जास्त लागतात आणि तोंडाच्या फार जवळ गेला की आवाज फुगतो. ओम्नी थोडा इकडेतिकडे सरकला तरी आवाज फारसा बदलत नाही. धावणाऱ्या, मोर्च्यात घोषणा देणाऱ्या, पोलिसांच्या लाठीपुढे खाली पडणाऱ्या पाचवीतल्या मुलांसाठी ओम्नीच. शिट्टीचा बंदोबस्त स्पीकरच्या जागेने करायचा: स्पीकर मुलांच्या पुढे, रंगमंचाच्या कडेपासून दीड-दोन मीटर प्रेक्षकांकडे.

दुकानात पैसे देण्याआधी पाच मिनिटांची परीक्षा. हेडसेट डबीला लावा, रिसीव्हरचा आवाज हेडफोनवर ऐका. वायर पिनेजवळ, मध्ये आणि कानाजवळ अशी तिन्ही जागी हळू वाकवा, पिन सॉकेटमध्ये किंचित फिरवा. कुठेही ‘टक’ आलं तर दुसरा पीस. मग मुलाला ‘फटाके फुटले’, ‘भाकरी भाजली’, ‘सिद्धेश्वर’, ‘शिवशाही’ असे शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. पहिल्या दोघांत वाऱ्याचा ‘धप्प’ आला तर माइकला चांगला फोम लागेल, मागच्या दोघांत ‘स’, ‘श’ कानाला टोचले तर मिक्सरवर ते सतत सांभाळावं लागेल. मुलाला ओरडायला लावा. ओरडण्यावर आवाज फाटत असेल आणि डबीवर आवाज कमी करायची सोयच नसेल, तर तो सेट सोडा. बिलावर मॉडेल लिहून घ्या आणि वॉरंटीत वायर व पिन धरली आहे का ते विचारा, बहुतेक ठिकाणी नसते.

किती लागतील? २२ मुलांना २२ कधीच नाहीत, दहाही नाहीत. कागदावर प्रवेशांचा तक्ता करा: उभ्या ओळीत पात्रं, आडव्या ओळीत प्रवेश, आणि ज्या प्रवेशात ज्याला सलग तीन-चार वाक्यं आहेत तिथे खूण. कोणत्याही एका प्रवेशात सर्वांत जास्त खुणा किती येतात तेवढेच चॅनेल लागतात. पाऊण तासाच्या नाटकात हा आकडा बहुधा चार ते सहा निघतो. एक-दोन वाक्यं असलेल्या मुलांना माइकवाल्या पात्राच्या शेजारी उभं करा, ओम्नी माइक त्यांचंही उचलतो. घोषणा आणि समूहगीत यांना हेडसेट नकोच. रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन साधे कार्डिऑइड माइक, खाली स्पंजचा तुकडा ठेवून, समूहाकडे तोंड करून लावा.

माइक वाढवण्याला एक किंमतही आहे. एकाच वेळी चालू असलेले माइक दुप्पट झाले की शिट्टी बसण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो. आठ उघडे माइक म्हणजे दोनच्या तुलनेत ६ डेसिबल गेले. म्हणून जो बोलत नाही त्याचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ) खाली, हे काम करायला मिक्सरवर संहिता वाचणारी व्यक्ती हवी. साऊंडवाल्याच्या पोराला तुमचं नाटक पाठ नसतं. नववीतली नाटकात नसलेली एखादी हुशार मुलगी संहितेवर रंगीत खुणा करून शेजारी बसवा, ती ‘आता तीन नंबर’ असं सांगत राहील. दोन पात्रं एकमेकांना मिठी मारतात किंवा अगदी जवळ येऊन बोलतात तिथे एकच माइक उघडा ठेवा. दोन्ही उघडे राहिले तर तोच आवाज किंचित उशिराने दोनदा पोचतो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो.

माइक एका मुलाकडून दुसऱ्याकडे द्यायचा असेल तर डबी आणि हेडसेट जोडीनेच द्या, पिन काढू नका. विंगेत त्यासाठी एक मोठी व्यक्ती हवी आणि संहितेत दोन मिनिटांची फट. डबी, हेडसेट, रिसीव्हर आणि मिक्सरचा चॅनेल या चौघांवर एकच आकडा, एकाच रंगाच्या टेपवर.

फ्रिक्वेन्सीबद्दल दुकानदार फारसं बोलत नाहीत, पण बारा जानेवारीचा प्रयोग आहे म्हणून हे महत्त्वाचं. त्याच आठवड्यात होम मैदानावर गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा असते, ते मैदान सभागृहापासून लांब नाही, आणि यात्रेत वायरलेस माइक किती चालू असतील याचा नेम नाही. सेट असा घ्या की ज्याच्या फ्रिक्वेन्सी बदलता येतात. एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीचा स्वस्त सेट तिथे अडकला की काहीच करता येत नाही. सेटच्या मागे आकडे छापलेले असतात. ७०३ ते ७४८ आणि ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झ हा पट्टा मोबाइलचा आहे आणि २०२२ च्या लिलावानंतर तिथे फाइव्ह-जी सुरू झालं. ८२४ ते ८९४ च्या आसपासही मोबाइलची वर्दळ आहे. त्यामुळे ७४० किंवा ७९० छापलेला स्वस्त सेट आता मुकाट्याने परत ठेवा, ५०० ते ६९० च्या आतला बघा.

चारही डब्यांना समान अंतराच्या फ्रिक्वेन्सी देऊ नका. ५२०.०, ५२०.५ आणि ५२१.० असं लावलंत तर पहिल्या दोघांची बेरीज-वजाबाकी होऊन (५२०.५ ची दुप्पट वजा ५२०.०) नेमका ५२१.० वर तिसऱ्याच्या डोक्यावर खोटा सिग्नल तयार होतो. तालमीत एकेक माइक तपासला तर सगळे छान वाटतात, एकत्र चालू केले की घरघर सुरू होते, ती यामुळे. सेटमध्ये कंपनीने बांधून दिलेले गट असतात, सर्व डब्या त्याच एका गटात ठेवा. भाड्याचे चॅनेल आले की त्यांचे आकडे वेगळ्या पट्ट्यात घ्यायला साऊंडवाल्याला सांगा.

रिसीव्हर प्रेक्षागृहाच्या मागे मिक्सरपाशी ठेवण्याची पद्धत आहे, ती मोडा. रिसीव्हर विंगेत, मुलांपासून चार-पाच मीटरवर, छातीच्या उंचीवर, मधे भिंत किंवा लोखंडी कपाट न येऊ देता ठेवा, आणि तिथून मिक्सरपर्यंत आवाजाची वायर लांब टाका. आवाज वायरीतून शंभर फूट बिनतक्रार जातो, रेडिओ मात्र चारशे माणसांच्या अंगांतून जाताना दमतो. अँटेना इंग्रजी व्हीसारख्या उघडा. एलईडीचे पार लाइट आणि लॅपटॉपचे चार्जर त्यांच्यापासून दूर.

सेल चार्जिंगचे डबल ए, २,००० एमएएचचे, साठवून ठेवले तरी चार्ज टिकवणारे घ्या. चार डब्यांना प्रत्येकी दोन म्हणजे आठ, आणि तेवढेच राखीव, एकूण सोळा. यांचं व्होल्टेज १.२ असतं, साध्या अल्कलाइनचं १.५, त्यामुळे डबीचा दिवा लवकर ‘सेल कमी’ सांगू शकतो. घाबरू नका, पण तालमीत घड्याळ लावून खरे किती तास चालतात ते एकदा मोजा. प्रयोगाआधी अर्धा तास सगळे सेल बदलायचे, ‘अजून चालतील’ हा शब्द विंगेत चालणार नाही. नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारी डबी टाळा, चार्जिंगच्या चौकोनी सेलमध्ये साठा फारच थोडा असतो.

आता बसवणं. माइकचं टोक ओठांच्या कोपऱ्यापासून दीड-दोन सेंटिमीटर मागे, गालाजवळ पण गालाला न टेकता. तोंडासमोर आणला तर श्वास आणि ‘भ’ चे फटके दोन्ही येतात. क्रम असा: मेकअप, तो पूर्ण वाळला की माइक, मग टोपी किंवा फेटा. पॅनकेक लावताना माइक गालावर असेल तर तुम्ही जाळीत माती भरताय. जिथे टेप लागणार ती जागा, गाल आणि मानेचा मागचा भाग, स्पिरिटच्या कापसाने पुसा. आपल्या मुलांच्या केसांचं तेल मानेवर असतंच आणि त्यावर कोणतीच टेप धरत नाही. टेप औषधांच्या दुकानातली मायक्रोपोर किंवा पारदर्शक ट्रान्सपोर. सेलोटेप नाही, ती घामात सुटते आणि कातडी ओढते.

मानेमागे वायर चिकटवताना मुलाला हनुवटी छातीला लावायला आणि दोन्हीकडे मान वळवायला सांगा. ढील तेव्हा ठरते, सरळ उभं असताना नाही. डबीपाशी वायरची रुपयाएवढी वेटोळी करून टेपने डबीला चिकटवा. ओढ बसली तर वेटोळीला बसेल, पिनेला नाही. हा एवढा उद्योग केलात तर खरखरीच्या निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत.

डबीसाठी तीन इंची इलॅस्टिकचा कमरपट्टा आणि त्यावर मांजरपाटाचा खिसा शिवून घ्या, वर वेल्क्रोचं झाकण. डबी मागे, पाठीच्या खळग्यात, पोशाखाच्या आत. नऊवारीतल्या मुलींना पट्टा काष्टा घालण्याआधी बांधा, नाहीतर प्रयोगात बदलता येत नाही. डोक्यावरचा पदर कानाजवळ माइकवर घासतो, तिथे पदराला आतून एक पिन मारून तो गालापासून अडवा. गांधी टोपी त्रास देत नाही, फेटा देतो: कानांवरून खाली आला की फ्रेम दाबली जाते आणि दांडी वर उचलते.

घाम हा सोलापूरकरांना नवीन विषय नाही. डिसेंबरात संध्याकाळी हवा गार असली तरी दिव्यांखाली, फेट्याखाली मुलं भिजतातच, आणि उन्हाळी शिबिरात हेच माइक वापरणार असाल तर विचारूच नका. घाम गालावरून ओघळत दांडीवरून माइकच्या तोंडाशी येतो. म्हणून तोंडापासून एक सेंटिमीटर मागे दांडीभोवती मायक्रोपोरचा बारीक वेढा द्या, थेंब तिथे अडतो. कानामागून वायर खाली येताना तिला एक छोटा झोका ठेवा, म्हणजे घाम झोक्याच्या तळाशी टपकेल, पुढे पिनेपर्यंत जाणार नाही. डबी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पण अँटेना बाहेर आणि सरळ. अँटेना अंगाला चिकटली किंवा दुमडली की पल्ला लगेच घटतो.

प्रयोग संपला की हेडसेट पेटीत फेकायचा नाही. दांडी आणि फ्रेम स्पिरिटच्या अर्धवट ओल्या कापसाने पुसा, माइकच्या जाळीवर स्पिरिट नको. फोम काढून साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. प्रत्येक मुलाचा फोम वेगळा, नाव लिहिलेल्या पाकिटात. सर्दीचं कारण आहेच, आणि फ्रेम डोक्याला लागते तेव्हा उवांचंही. हेडसेट रात्रभर उघड्यावर वाळू द्या, मग मोठ्या गोल वेटोळ्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात. वायर डबीभोवती गुंडाळणं म्हणजे पुढच्या वर्षीची खरखर आजच साठवणं. हेअर ड्रायरची गरम हवा नको, तांदळाचा डबाही नको, त्याची पूड जाळीत बसते. डबा पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात तिथे जे तापतं त्यात कंडेन्सर माइकचा आतला स्थिर विद्युतभार उतरतो, माइकची संवेदना कायमची कमी होते, आणि चार्जिंगचे सेलही लवकर म्हातारे होतात. सेल मात्र डबीतून काढूनच ठेवा.

मिक्सरवर फार काही नाही. प्रत्येक हेडसेटला १०० ते १५० हर्ट्झच्या खालचं कापा, कपड्यांची आणि पावलांची धडधड जाते. डबीचा आवाज नाटकातल्या सगळ्यात मोठ्या आरोळीवर लावा, साध्या संवादावर नाही. तुमच्या नाटकात ती ‘वंदे मातरम्’ची घोषणा असेल.

राहिले जुने पाच. खरखरणारे तीन टाकू नका. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे सूक्ष्मदर्शक आणि बारीक टोकाची सोल्डरिंग असते, नव्या पेठेत असे पुष्कळ बसतात. पिनेजवळची तीन सेंटिमीटर वायर कापून त्याच पिनेत पुन्हा टाके मारायला सांगा. सोबत चालू हेडसेटची उघडलेली पिन किंवा तिचा फोटो न्या, म्हणजे कोणती तार कुठे हे त्याला अंदाजाने करावं लागणार नाही. टाका दोन-तीन सेकंदांत झाला पाहिजे, जास्त तापलं की आतलं प्लास्टिक वितळून तारा एकमेकींना चिकटतात. टाक्यानंतर उष्णतेने आकसणारी नळी चढवायला सांगा. पाण्याखालचा आवाज असलेल्याचा फोम काढा, जाळी खाली तोंड करून मऊ कोरड्या ब्रशने झाडा आणि सिलिका जेलसोबत दोन दिवस डब्यात ठेवा. मुका झालेल्याची पिन उघडून बघा: टाका सुटला असेल तर तोही वरच्या तिघांबरोबर जाईल, गंज आत वायरपर्यंत चढला असेल तर त्याची फ्रेम आणि फोम सुट्या भागांसाठी काढून घ्या.